सारजाबाईचं बाळंतपण

आमच्या वऱ्हाडात शेतातून चाललं की लुगड्याला कुसळं चिकटतात. नर्सच्या पदराला तसे किस्से. कितीही झटका, एखादा राहतोच! तुम्ही पोरी मला एड्सवरच्या कामाबद्दल बोलायला बोलावता, मी स्लाइड दाखवते, टाळ्या पडतात. पण माझं संशोधन सुरू झालं सत्तरच्या दशकात, मंगरुळपीरच्या बाजूला. एड्स हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा. विषय होता गरमी, म्हणजे सिफिलिस. पोटुशी बाईच्या रक्तात ती असली की लेकरू पोटातच दगावतं, आणि वेळेवर इंजेक्शनं दिली तर वाचतं. इतकं साधं.

साधं कसलं डोंबलाचं!

*

आसेगावात सिंधू भेटली. विशीतली पोर, पुन्हा पोटुशी. सर्व्हेचा पहिला प्रश्न, लेकरं किती. चार, म्हणाली. कुठे आहेत? "हे काय, वसरीत खेळून राह्यले."

वसरी, म्हणजे ओसरी, रिकामी होती. सारवलेली, स्वच्छ, अर्ध्यात ऊन आलेलं. तिची सासू सारजाबाई, तिनं मला बाजूला नेऊन सांगितलं की चारांतलं एकही जगलेलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, हे पाचवं जगवायचंच. मी शिकलेली बाई, पण निघताना वसरीच्या कडेकडेनं निघाले. मधून पाय टाकवेना.

*

त्या दिवशी बायांचं तपासायला घेतलेलं रक्त थर्मासमध्ये घालून एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं, चहा आहे का बाई? मला खरं बोलायची वाईट खोड. आसेगावच्या बायांचं रक्त आहे म्हटलं. बाजाराचा दिवस, गाडी ठासून भरलेली, आणि माझ्या सीटवर कुणी टेकेना! राणीसारखी गेले.

एक म्हातारेबुवा मात्र शेजारी उभे होते, थर्मासपुढे हात जोडून. उतरताना हळूच म्हणाले, "बाई, आत कोनी तरी रडून राह्यलं."

मी कपाळावर हात मारला. रिपोर्ट आला तेव्हा सिंधूच्या रक्तात गरमी निघाली.

*

आता नवऱ्यालाही सुया हव्यात, नाहीतर तिला दिलेलं औषध पाण्यात. नवरा ट्रकवर क्लीनर. बोलावलं तर या पठ्ठ्यानं काय करावं? आपल्या नावावर धाकट्या भावाला पाठवलं! भावाचं रक्त चांगलंच निघणार, ही खात्री.

भावाचंच वाईट निघालं. तो ढसाढसा रडला आणि सगळं ओकला. मग दोघा भावांना शेजारी शेजारी पालथं घालून टोचलं. आमच्या डॉक्टरीणबाई कधी हसायच्या नाहीत, त्या दिवशी बाहेर जाऊन हसून आल्या.

*

राहिली सिंधू. ती यायला तयार, सारजाबाई पाठवायला नाही. तिचं म्हणणं असं, की लेकरं नेणारी जी आहे ती नाव विचारत येते. दवाखान्यात सिंधूचं नाव पुकारलं की तिला पत्ता लागलाच. मी पेनिसिलीन समजावलं, रक्त समजावलं, घसा कोरडा पडला. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "औषिद दे तिले. पन नाव माह्यं पुकार."

मला सिंधूचं लेकरू जगवायचं होतं, नाव कुणाचं का असेना! हो म्हटलं.

मग दर वेळी कंपाउंडर ओरडायचा, "सारजाबाई, गर्भवती!" आणि साठीची म्हातारी पोटावरून पदर सारखा करत उठायची. बायांची रांग हसून लोटपोट. तेवढ्यात सिंधू मागच्या दारानं येऊन सुई घेऊन जायची. सारजाबाई एकदाही हसली नाही. मला मात्र तेव्हा फार मजा वाटायची.

*

सिंधूचं बाळंतपण दवाखान्यातच झालं, भर दुपारी. ती आत, डॉक्टरीणबाई तिच्याजवळ, सारजाबाई बाहेर बाकावर. मी गरम पाण्यासाठी बाहेर आले तर दारात एक बाई उभी. चारचौघींसारखीच. फक्त दोन्ही हात असे धरलेले, कवेत लेकरू असावं तसे. कवेत काही नव्हतं.

"सारजाबाई कोन्या खाटेवर हाये?" तिनं मला विचारलं. "आज बाळंत होनार व्हती ना?"

भीती वाटली हो, खोटं कशाला सांगू? हातातलं भांडं खाली ठेवायचंही सुचेना.

बाकावरून सारजाबाई उठली. पोटावरून पदर सारखा केला.

"मीच सारजा," म्हणाली. "चाल."

मावशी, थांबा, असं म्हणेस्तोवर दोघी पायऱ्या उतरल्या. मी मागोमाग धावले. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, आडोशाला एक झुडूप नाही. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

आत लेकरू रडलं.