पातळ रक्त घेऊन पेण ते रोहा

झडप बदलल्यापासून मी घराबाहेर पडले ती फक्त दवाखान्यात जायला. छाती उघडून डॉक्टरांनी हृदयात नवी झडप बसवली, आणि तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी लावून दिली. जन्मभर. मग काय, घरातले सगळेच डॉक्टर झाले. विळीवर बसू नको, सुरी धरू नको, अनवाणी फिरू नको, पडू नको. अरे, पडायचं ठरवून कोण पडतं?

अशात माझी धाकटी बहीण कुसुम, रोह्याच्या पुढं कोलाडच्या अंगाला दिलेली, तिचा फोन आला. "बाय, वाल भरलेत. पोपटीला ये." मी आधी हो म्हटलं आणि मग घरात सांगितलं. आमचे हे लगेच पिशवी शोधायला लागले. "मी येतो बरोबर." म्हटलं, नको. मला एकटीला जायचंय. बऱ्याच वादानंतर त्यांनी अट घातली, "आल्यावर रक्त तपासायचं. आकडा बिघडलेला निघाला तर पुन्हा एकटीनं कुठं जायचं नाय." मी म्हटलं, मंजूर.

पेणहून रोह्याला रेल्वेनंही जाता येतं, पण तिच्या वेळा आपल्याला सोयीच्या हव्यात. मी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, खिडकी मिळाली, आणखी काय पाहिजे? रस्ता पाहिजे! मुंबई-गोवा हायवे कधीपासून बनतोय ते मला विचारू नका. वडखळच्या पुढं गाडी अशी आदळली की माझा दंड पुढच्या सीटच्या दांडीवर बसला. तुमचा बसला असता तर तुम्ही चोळून सोडून दिला असता. माझा नागोठणं येईपर्यंत वांग्यासारखा झाला. ह्या गोळीवर असाल तर सांगून ठेवते, पुऱ्या बाह्यांचं पोलकं घाला. कारण मागच्या सीटवरच्या दोघींचं सुरू झालं होतं.

"हात बघ गो तिचा. नवऱ्यानं मारलंन वाटतं."

"ह्या वयात?"

"वयाचं काय असतंय त्यात?"

मी मागं वळले. "नवऱ्यानं नाय, एसटीनं मारलंय. मला गोळी चालू हाय, नुसतं टेकलं तरी निळं पडतं."

मी पुढं वळल्यावर एक हळूच म्हणाली, "समद्या असंच सांगतात गो."

नागोठण्याला गाडी थांबते. चहा बरा मिळतो, वडा गरम असला तरच घ्या. शेजारच्या बाईनं माझा दंड बघून पर्समधून दुखण्यावरची गोळी काढली. प्रेमानंच दिली, पण घेतली नाही. आपल्या गोळीबरोबर दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गिळायची नाही. एवढं सांगितलं तर तिला राग आला. येऊ दे.

भिसे खिंड उतरली की रोहा आलंच. स्टँडवरून कोलाडकडं जायला रिक्षा भरून सुटतात. मी पोचले तेव्हा धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, मोटारसायकलींच्या त्या गर्दीत रिक्षावाल्यानं मला दोन कंपनीवाल्यांच्या मधे कोंबलं. दुसरा दंडही गेला.

कुसुमच्या घरी पहिल्याच जेवणाला शेवग्याच्या पाल्याची भाजी. ताटात डोंगर. मी म्हटलं, "एवढी नको गो. पाल्यानं गोळीचं काम मंदावतं. थोडी रोज खाल्ली तर चालते, एकदम एवढी नाय."

"खा गुपचूप. रक्त पातळ झालंय तुझं."

"झालं नाय, ठेवलंय. मुद्दाम ठेवलंय."

"रक्त कोण मुद्दाम पातळ ठेवतं?" कुसुमची सासू ओटीवरून ओरडली. "पातळ रक्त म्हंजे अंगात ताकद नाय. हिला बीट किसून दे."

संध्याकाळी मेथी. सकाळी पुन्हा पाला. मी ठासून सांगितलं की आता हिरवं पान माझ्या ताटात दिसता कामा नये. तर दुपारी भाकरी आली ती हिरवी! कुसुमनं पाला वाटून तांदळाच्या पिठात मळला होता. मी झडप काय असते ते सांगितलं, गुठळी सांगितली, आयएनआर म्हणजे रक्ताचा आकडा, तोही सांगितला. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगून झालं. कुसुम मान हलवायची आणि पुन्हा वाढायची. डोळे मात्र भरलेले. मला वाटलं, कांदा चिरला असेल.

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीची चैन. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, मीठ, आणि तोंडालाही तोच पाला ठासून मडकं उलटं ठेवायचं. भोवती पेंढा पेटवायचा. कुसुमच्या घरामागं शेतात मांडली होती. सूर्य टेकला होता, जाळ मस्त लागला होता. वास असा सुटला की दोन दिवसांचा राग मी जवळजवळ विसरले. म्हटलं, मडकं उघडायच्या आत गोळी घेऊन टाकू. पर्स उघडली. गोळ्यांची पट्टी नाही.

पिशवी उपसली. उशी झटकली. नाही. बाहेर आले तर कुसुम जाळाकडं बघत उभी. माझ्याकडं बघेना.

"कुसुम, पट्टी कुठं हाय?"

"रक्त आधीच पातळ, त्यात पातळ करायची गोळी? डॉक्टर चुकलाय. चार दिवस नाय घेतलीस तर मरणार नायस."

"मरेन गो! त्यानंच मरेन!"

"तुला कळत नाय, बाय." आणि ती रडायलाच लागली. "पातळ झालं की संपतं सगळं. बाबा काय म्हनायचे ते इसरलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचा बाप धरमतरच्या खाडीला मिठागरावर. आमच्या घरात 'पातळ' ही शिवी होती. वाफ्यातलं पाणी उन्हानं आटून दाट झालं तरच मीठ धरणार. अवकाळी पाऊस पडला, पाणी पातळ झालं, की बाबा डोक्याला हात लावून बांधावर बसायचे. त्या दिवशी आमची चूल गप्प असायची. मी तिला दोन दिवस दवाखान्यातले शब्द ऐकवत होते, आणि तिला ऐकू येत होते बाबा.

मी तिला पेंढ्यावर बसवलं. "पाणी दाट झालं की वाफ्यात काय धरायचं?"

"मीठ." नाक पुसत म्हणाली.

"मग माझं रक्त दाट झालं तर झडपेवर काय धरंल? मीठ?"

ती पेंढ्याची काडी मोडायला लागली.

"गाठ धरंल, कुसुम. एकदा धरली की झडप अडकली. मग मी बी अडकले. बाबांना धरायला पायजे व्हतं. मला धरायला नको."

ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि घरात गेली. पापडाच्या डब्यातून पट्टी आणून माझ्या हातावर आपटली, वर मलाच झापलं. "मग असं सांगायचं ना सरळ! दोन दिवस काय आयनार-बियनार लावलंस?"

गोळी घेतली. मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र वाजलं. पोपटी झाली होती. वाल असे खाल्ले की बोलू नका.

परत पेणला आले आणि रक्त दिलं. आकडा खाली, म्हणजे रक्त दाटलेलं. हिरव्या भाकऱ्यांनी काम केलं होतं. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, पुन्हा तपासायला बोलावलं, आणि सांगितलं की पालेभाजी सोडायची नाही, पण रोज सारखी खायची. आमचे हे नुसते हसले. ते हसणं बघून मला ताट फेकावंसं वाटलं. मी अट हरले होते ना.

कुसुमला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "भावजींना दे." मी स्पीकर लावला. "भावजी, पाला मी घातला, पट्टी मी लपवली. तिची काय चूक? मला कोंडा हवं तर, तिला कशाला कोंडताय?"

ह्यांनी फोनकडं बघितलं, माझ्या दंडाकडं बघितलं. दंड आता वांग्याचा पिकल्या केळ्यासारखा झाला होता. मग म्हणाले, "पुढल्या टायमाला गोळ्या दोन जागी ठेव." इतक्या वर्षांच्या संसारात मला कळतं, ही परवानगी आहे. तुम्हीही निघालात तर तसंच करा. एक पट्टी पिशवीत, एक कमरेला. बहिणीवर भरवसा ठेवू नका.

आता रोज संध्याकाळी, मी गोळी तोंडात टाकायच्या वेळेला, फोन वाजतो. वैताग आहे नुसता. हॅलो नाही, जेवलीस का नाही.

"पातळ हाय ना गो?"

"हाय."

"बरं झालं." आणि ठेवते.

बाबा असते तर दोघींना बडवलं असतं.