साखरपाण्याच्या टाळ्या

"सिस्टर, तुमचं झालं ना? मग बसा की खाली."

निवेदक सर हे माईकवर म्हणाले. भरल्या सभागृहात. लोक हसले. माझ्या हातात माझ्या कथेची पानं होती, अन् अर्धी कथा वाचायची राहिली होती.

संभाजीनगरातलाच साहित्य मेळावा. पत्रिकेत कथावाचनात माझं नाव छापलेलं. तरी दारातच एका कार्यकर्त्यानं मला प्रथमोपचाराच्या टेबलाकडं बोट दाखवलं. मी म्हणलं, मी कथा वाचायला आले. तो म्हणाला, "व्हय का? मग दोन्ही बघा ना मॅडम, आलाच आहात तर." मी टेबलाला वळसा घालून आत गेले. ऐकून घ्यायची सवयच होती.

स्टेजवर माझी ओळख काय करून दिली? "रुग्णसेवा करता करता आपल्या सिस्टर चार ओळी खरडतात." खरडतात! ड्यूटी करून, लेकरांचं आवरून, ओट्यापाशी उभ्यानं लिहिलेली कथा होती ती. कितीदा फाडली, कितीदा पुन्हा लिहिली.

कथा माझीच होती. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला मी चमच्यानं पेज भरवते. बिडकीनकडचा म्हातारा. हात थरथरायचे, तोंडावरून सांडायचं, मी पुसायची. ही अर्धी कथा. पुढच्या अर्ध्यात त्याच म्हाताऱ्याचा मुलगा सगळ्या वॉर्डासमोर माझ्या कानफटात मारतो. का, तर सलाईन संपली अन् मी दुसऱ्या पेशंटजवळ होते. मग मोठे डॉक्टर केबिनमध्ये बोलावून मलाच सांगतात, "नातेवाईक टेन्शनमध्ये असतात सिस्टर. सॉरी म्हणून टाका." अन् मी म्हणते. मार मी खाल्ला, सॉरीही मीच म्हणलं. नवऱ्यालासुद्धा हे सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं फक्त नसीमला. माझ्याच वॉर्डातली, तेव्हा शेजारीच उभी होती. मेळाव्यात धीर म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

वाचत वाचत मी चमच्यापर्यंत आले. बायका डोळे पुसायला लागल्या. तेवढ्यात निवेदक सर ओरडले, "सिस्टर, अध्यक्षांना बघा!"

अध्यक्ष घामाघूम, मान कललेली. शुगरची गोळी घेतलेली, अन् भाषणांच्या नादात जेवण राहून गेलेलं. मी कथा सोडली अन् धावले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. माणूस कलंडत असताना वाचत बसणारी बाई मी नाही. अध्यक्ष शुद्धीवर होते, गिळत होते. साखरपाणी पाजलं, मनगट धरून शेजारी बसून राहिले. अन् तिकडं माईकवर गझल सुरू! एकाचा जीव घाबरा झालेला, अन् यांचं "इर्शाद, इर्शाद".

अध्यक्ष सावरले. मी पानं घेऊन माईककडं गेले, तर निवेदक सरांचं ते वाक्य. तुमचं झालं ना?

मी म्हणलं, "नाही सर. अर्धी राहिलीय."

त्यावर अध्यक्षच बोलले, नुकतंच माझ्या हातचं पाणी प्यालेले. "सिस्टर, भावना पोहोचली." अन् शाल मागवली. "आज आपल्याला सेवेचं साक्षात दर्शन घडलं." लोक उभे राहिले हो! इतक्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. कशाला? साखरपाण्याला. कथेला नाही.

शाल खांद्यावर येत होती अन् माझं डोकं फिरलं. मला लख्ख कळलं. यांना चमच्यापर्यंतचीच बाई पाहिजे. पेज भरवणारी. थप्पड खाल्लेली नको. तिथं केबिन होती, इथं स्टेज होतं, बाकी फरक काय? शाल घेतली असती तर ते माझं दुसरं सॉरी झालं असतं.

मी खांदा काढून घेतला. "शाल नको. वेळ द्या."

"अहो, कार्यक्रम लांबलाय..."

"गझलेला लांबला नाही?"

खालून नसीम ओरडली, "पढ गे! उनकू क्या देखरी? पढ!"

मी वाचलं. थप्पड आली तिथं जीभ अडकली, मागची ओळ पुन्हा घेतली. या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत. मोबाईल काढले, खुर्च्या सरकल्या. संपल्यावर टाळ्या वाजवल्या एकट्या नसीमनं. लई हलकं वाटलं म्हणू? नाय वाटलं. अंगाची आग आग होत होती, ती अजून थांबली नाही.

परवा एका संपादकांचा फोन आला. सेवेवर विशेषांक काढताहेत. "तुमची ती पेजेची कथा द्या, सिस्टर. चमच्यापर्यंतच छापू. पुढचं जरा कडवट होतं. दवाखान्याची बदनामी होईल, तुमची नोकरी आहे. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

नोकरीवर येईल का? येऊ शकतं. मेमो तर मिळेलच. घरी दोन लेकरं शिकताहेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

मी म्हणलं, "साहेब, जागा कमी असेल तर पेज कापा. थप्पड छापा. अन् खाली सिस्टर लिहू नका. माझं नाव लिहा, आडनावासकट."