बुडीतवालीची रोपे

माले गावाच्या वरच्या उताराच्या मालकाने बुडीतवालीला फसवले. आधी एवढे लिहितो, बाकीचे मग.

तिचे गाव मुळशीच्या धरणाखाली गेले, म्हणून सगळे तिला बुडीतवाली म्हणत. तेव्हापासून ती लोकांच्या बांधावर खोपट घालून राही. मी सागाची रोपे विकत असे. मालकाने माझी रोपे उतारावर लावली आणि राखायला हिला ठेवले. सौदा मीच ठरवला, दुपारभर घासाघीस करून. पुढच्या पावसापर्यंत रोपे जगली, तर पायथ्याला हिला घरापुरती जागा. मालक हो म्हणाला. ती मला म्हणाली, "तू यमाशीबी घासाघीस करशील."

तिने रोपांना नावे ठेवली. मला वाटले, लाडाची असतील. ती बुडालेल्या गावातल्या माणसांची निघाली. वरच्या रांगेत सुताराचे घर, ओढ्याकडे तिचे सासर. फिरताना ती प्रत्येकाशी दोन शब्द बोले आणि थांबे, समोरच्याने उत्तर द्यावे इतका वेळ. मी सोबत असलो तर मीही थांबे. का, ते सांगता येत नाही.

दसऱ्यानंतर पाऊस सरला. गवत कमरेएवढे, हिरवेगार. त्यातली रोपे मात्र माना टाकू लागली. एका दुपारी गेलो, तर वारा पूर्ण पडलेला आणि ती जमिनीला कान लावून निजलेली.

"पितंय," ती म्हणाली.

मी हसलो. तिने एक वाळलेले रोप उपटून माझ्या हातात दिले. त्याच्या मुळाला गवताची पांढरी मुळे केसांसारखी गुंडाळली होती. खालची माती राखेसारखी कोरडी.

"ह्यो सुतार. काल गेला."

त्यानंतर मी हसलो नाही.

रोपांभोवतीचे गवत काढायला ती बसलीही होती. पण मालकाने उभे गवत पुण्याच्या एका गोठेवाल्याला विकले होते. दिवाळीनंतर कापणी, तोवर काडीला हात लावायचा नाही, अशी तंबी तिला मिळाली. मी भांडायला गेलो, आवाज चढवला. मालक शांतपणे म्हणाला, गवताने रोपांना सावली होते.

गवत कापून गेले तेव्हा उतारावर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. मालकाने जागा नाकारली. वर माझी रोपेच किडकी ठरवली, गावभर.

बुडीतवाली भांडली नाही. रांगांतून एकदा फिरली, बोचके उचलले आणि ताम्हिणीच्या वाटेला लागली. मी मागे धावलो. म्हटले, मावशी, माझ्या आवारात राहा.

"नगं रं. माजं गाव दोनदा बुडालं. आता तुजं घर बुडवू व्हय?"

ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

मालक अजून धडधाकट आहे. पौडच्या बाजारात भेटला की माझी खुशाली विचारतो. त्याने ती विचारू नये. त्या बाईला जागेचा शब्द दिला, तेव्हा गवत विकून झाले होते की नव्हते, एवढेच त्याने सांगावे. भर बाजारात सांगावे.