कोटधऱ्याविषयी लोक काय म्हणतात

मालिकेचा नवा भाग दाखवला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेलरच्या दुकानात शिवण कमी आणि न्यायनिवाडा जास्त व्हायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मास्तरांचं कापड बेतायचं टेबल, मधे शिलाईची मशिनं, आणि मागच्या खिडकीशी, उजेड नेमका हातावर पडेल अशी, ताईंची खुर्ची. ताई काज-बटणांच्या. कपडा सगळ्यांच्या हातून फिरून शेवटी त्यांच्या मांडीवर यायचा. त्या काज करायच्या, बटण टाकायच्या, दोरा दातांनी तोडायच्या आणि कपड्याला हलकेच थोपटून बाजूला ठेवायच्या, झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं. मास्तरांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत.

मालिका जुन्या काळातली. बंदरावरची एक टोळी आणि तिचा म्होरक्या, त्याला सगळे 'थोरला' म्हणायचे. ओले रस्ते, दिव्याखाली धूर, पायघोळ कोट, तिरक्या टोप्या. टोळीतली माणसं एका रांगेत चालत यायची ती इतकी सावकाश, की तेवढ्यात आपण चहा टाकून, गाळून, पिऊन परत यावं तरी ती अजून चालतच असायची!

"बघायला झकास आहे हो," मास्तर म्हणायचे. "पण मला एक सांगा, इतके टापटीप कपडे घालून ही माणसं गुन्हे करतात कधी? आणि प्रत्येक मारामारीनंतर अंगात नवा कोट! कोण शिवून देतं यांना? माझ्याकडे आला असता थोरला, तर म्हटलं असतं, बाबा रे, पुढच्या महिन्यात ये, तोवर कुणाला मारू नकोस."

समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई ड्युटी संपवून घरी जाताना दुकानात डोकवायच्या. त्यांचं म्हणणं वेगळं. "बोलतात काय ते कळेल तर शपथ! सगळे आपापल्या कॉलरशी बोलतात. आमच्या वॉर्डातले भूल दिलेले पेशंट यांच्यापेक्षा स्पष्ट बोलतात." असं म्हणत म्हणत त्यांनी मास्तरांकडे तसलाच एक लांब कोट शिवायलाही टाकला होता.

ताईंचे यजमान बस चालवायचे. पहिली गोळी सुटली की त्यांना गाढ झोप लागायची. "फार शांत मालिका आहे," असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

अशी दहा तोंडं, दहा मतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत, आणि ती गोष्ट म्हणजे कोटधऱ्या.

हा थोरल्याचा लहानपणापासूनचा मित्र. थोरला बाहेर निघाला की हा त्याचा कोट धरायचा. दोन्ही हातांनी कॉलर पकडून मागे उभा राहायचा, थोरल्याचे हात बाह्यांत गेले की खांद्यावरची चुणी अंगठ्यानं पुसून टाकायचा. बोलायचा फार थोडं. आणि त्याच हातांनी थोरल्याची सगळी खबर पलीकडच्या टोळीला पोचवायचा. बघणाऱ्यांना हे ठाऊक, फक्त थोरल्याला ठाऊक नाही.

"किडा आहे किडा!" मास्तर म्हणायचे. "त्या अंगठ्यावर गरम इस्त्री ठेवली पाहिजे."

"माझ्या वॉर्डात येऊ दे एकदा," नर्सबाई म्हणायच्या. "सगळ्यात बोथट सुई शोधून काढते की नाही बघा."

ताई तेव्हा मान वर करायच्या नाहीत. सुई मात्र जरा जोरात चालायची. कारण कोटधऱ्या हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

सांगायचं राहून गेलं, एवढंच. पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई अगदी हसत हसत दुकानात आल्या होत्या. आज सगळ्यांना सांगायचं, भाव खायचा, चहाही आपल्या खर्चानं मागवायचा, असं ठरवून. पण त्या खुर्चीत बसताहेत तोच मास्तर म्हणाले, "ताई, तो चष्मेवाला बघितलात का? एवढा नीच चेहरा मी जन्मात पाहिला नाही." झालं! ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानंतर कसं सांगणार? धाकटा इथे फारसा यायचा नाही, आणि मालिकेतली मिशी, चष्मा, चापून बसवलेले केस काढले की तो रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसासारखा दिसायचा. गुपित आपलं आपण टिकून राहिलं.

धाकट्याचं सारं आयुष्य नाटकात गेलेलं. आई लवकर गेली, तेव्हा त्याला ताईंनीच वाढवलं. तो गावोगावी फिरणाऱ्या नाटक मंडळीत शिरला, तेव्हा त्याचा पहिला अंगरखाही ताईंनीच शिवला. विंगेत उभं राहून त्याची बटणं लावताना त्यांना त्याच्या छातीतली धडधड बोटांना जाणवायची. पण भूमिका कसल्या, तर निरोप्या, शिपाई, नायकाचा भला मित्र, चौथ्या प्रवेशात येऊन नाडी बघून जाणारा डॉक्टर. रंगमंचावर तो कायम कुणाच्या तरी मागे उभा असायचा. केस पिकले, मंडळी मोडली, आणि आता संपलंच म्हणता म्हणता ही मालिका आली. पहिल्यांदा असं काही मिळालं, की ज्यामुळे लोक त्याच्याकडे बघतील.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि प्रश्न ठरलेला असायचा.

"ताई, लोक काय म्हणतात?"

मोबाइलवरची मतं तो वाचायचा नाही. "तिथं निम्मी माणसं माझ्यावर नाही, रखडणाऱ्या नेटवर चिडलेली असतात," म्हणायचा. मालिकेवाले तर सगळ्यांनाच अप्रतिम म्हणायचे, चहावाल्यालासुद्धा. त्याचा भरवसा फक्त ताईंच्या दुकानावर होता. काम करता करता बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, असं त्याला वाटायचं.

आणि ताई? पाठच्या भावाला किडा म्हणतात, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"चांगलं म्हणतात रे."

"चांगलं म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे... माणूस सालस वाटतो म्हणतात."

"सालस?"

"हो तर! मास्तर म्हणाले, असा मित्र मिळायला भाग्य लागतं."

"आणि त्या नर्सबाई?"

"त्या म्हणाल्या, डोळ्यांत किती माया आहे. एकदा घरी जेवायला बोलवावं असा माणूस आहे."

"बरं," धाकटा म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

दर रविवारी त्याचा आवाज थोडा आणखी उतरलेला लागायचा. ताईंना वाटायचं, एकटा राहतो, दमत असेल, आपलं कौतुकच कमी पडतंय. मग पुढच्या रविवारी त्या आणखी दोन चमचे साखर घालायच्या.

एका रविवारी त्यानं प्रश्न विचारलाच नाही.

"ताई, पुढच्या पर्वासाठी विचारलंय त्यांनी. आठवडाभरात सांगायचंय. मी नाही म्हणणार आहे."

ताई हातातलं भांडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "नाही? का रे?"

"नाही जमलं. माझं मला कळतं ना. एक माणूस उभा करायला दिला होता, तो काही उभा राहिला नाही. नाट्यगृहाच्या मॅनेजरनं तिकिटाच्या खिडकीवर बसायला बोलावलंय, तिथं बसेन. शनिवारी येतो तुझ्याकडे, तिथूनच कळवून टाकतो त्यांना."

ताईंनी फोन ठेवला. नक्की कुणीतरी चहाडी केली! कुणीतरी त्याला दुकानातलं खरं खरं सांगितलं असणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या पोराला लोकांनी एकदाच पुढे पाहिलं, आणि लोकांच्याच तोंडामुळे आता तो सगळं सोडून तिकिटं फाडत बसणार.

"अहो, काय करू मी?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"तू त्याला काय सांगतेस दर रविवारी?"

"चांगलंच सांगते की!"

"मग अजून चांगलं सांग," यजमान म्हणाले आणि बस काढायला गेले.

शनिवारी घराची किल्ली ताईंकडे, म्हणून धाकटा बॅग घेऊन सरळ दुकानातच आला. दारात त्याला पाहताच ताईंच्या बोटात सुई घुसली. "हा माझा भाऊ," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आम्ही निघतोच आता."

"अहो, बसू द्या की त्यांना," मास्तरांनी स्टूल पुढे केलं. "काय करता आपण?"

"नाटकात होतो. आता काही नाही."

"नाटकवाले! मग ती मालिका बघत असाल."

"बघतो अधूनमधून," धाकटा खाली बघून म्हणाला.

ताईंनी पर्स उचलली, पण तेवढ्यात नर्सबाई आत आल्या. त्यांच्या कोटाची ट्रायल होती. मास्तरांच्या तोंडात टाचण्या, एका हातात खडू, दुसऱ्या हातात टेप. त्यांनी टेबलावरच्या कोटाकडे नुसती हनुवटी उडवली. स्टुलावरचा पाहुणा उठला. सभ्य माणूस, कामाला हात लावायची सवय. त्यानं कोट उचलला, कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि नर्सबाईंच्या मागे उभा राहिला.

नर्सबाईंनी एक हात बाहीत घातला, मग दुसरा. आणि त्यांच्या खांद्यावर एक अंगठा हलकेच फिरला, चुणी पुसून गेला.

नर्सबाई जागच्या जागी थिजल्या. सावकाश मागे वळल्या. त्याच्या चेहऱ्यावर मनातल्या मनात मिशी लावली, चष्मा चढवला, आणि कोट असा काढून फेकला, की जणू आत विंचूच निघाला.

"मास्तर! हा तो आहे! तोच!"

मास्तरांनी टाचण्या थुंकल्या. "कोण तो?"

"कोटधऱ्या! अहो, खांद्याला हात लावला मेल्यानं! लाज नाही वाटत? जो माणूस तुला भाऊ मानतो, त्याला असा विकतोस? काटा आला माझ्या अंगावर!"

"ए, माझ्या स्टुलाला हात लावू नकोस!" मास्तरही ओरडले. "किडा तो किडा! आणि बसला होता कसा साळसूदासारखा!"

ताईंनी डोळे मिटून घेतले. आता सगळं संपलं, त्यांना वाटलं. पण पलीकडून एक विचित्र आवाज आला म्हणून त्यांनी डोळे उघडले. धाकटा हसत होता. चेहरा असा उजळलेला, जसा त्याच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी उजळला होता.

"काय म्हणालात?" त्यानं नर्सबाईंना विचारलं. "काटा आला? खरंच? परत म्हणा ना एकदा."

"वेडा आहे की काय हा?"

"किती दिवस मी ऐकतोय, की लोक मला सालस म्हणतात!"

"सालस? कोण म्हणालं?"

"तुम्ही! तुम्ही मला जेवायला बोलावणार होतात."

"मी? तुला?" नर्सबाई कडाडल्या. "बोलावेन की! चांगलं विष कालवून वाढेन!"

धाकट्यानं छातीवर हात ठेवला, मान लववली. रंगमंचावर त्याला असं करायची वेळ कधी आली नव्हती. मग तो मास्तरांकडे वळला. "आणि असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं तुम्ही...?"

"मी म्हणालो होतो, हातावर इस्त्री ठेवावी!"

मग सगळ्यांच्या नजरा एकदम मागच्या खुर्चीकडे वळल्या.

"काय करू मग?" ताईंचा आवाज चढला, डोळे भरले. "माझ्या तोंडानं माझ्या भावाला शिव्या पोचवू? लहानपणी याला कुणी नुसतं रेड्या म्हटलं तरी मी भांडायला जायची!"

"अगं, तीच तर टाळी!" धाकटा त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "आमच्या मंडळीत खलनायक करणारे एक बुवा होते, प्रेमळ माणूस. प्रयोग संपला की मुद्दाम पुढच्या दारानं बाहेर पडायचे. बायकांनी पोरं जवळ ओढली, कुणी पायाशी थुंकलं, की मग आनंदानं जेवायचे. आणि कुणी गोड हसलं, तर तसेच उपाशी झोपायचे. तू मला एवढे महिने उपाशी झोपवलंस गं ताई!"

मास्तरांना आधी कळलं. ते टेबलावर हात आपटून इतके हसले की खडू खाली पडून फुटला. नर्सबाईंचा राग काही लगेच उतरला नाही. "कलाकार म्हणून ठीक आहात," त्या कोट झटकत म्हणाल्या. "पण थोरल्याला फसवायला नको होतं तुम्ही. आणि कोट मास्तर धरतील."

धाकटा बाहेर पायरीवर गेला, फोन लावला. आतून त्याची पाठच दिसत होती. "हो, हो, करतो," तो म्हणत होता. "पुढच्या पर्वात अजून वाईट असेल ना तो? असू द्या, असू द्या."

आत येऊन तो स्टूल घेऊन ताईंसमोर बसला. "सगळ्यांचं झालं. आता तुझं मत सांग. खरं."

ताईंनी पदराला डोळे पुसले. "ज्या भागात तू थोरल्याला कोट चढवून मरायला पाठवलंस ना, तो बघून मला तुझा इतका राग आला, की दोन दिवस घरातला तुझा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्या रविवारी फोनवर धड बोललेही नाही. तू विचारलंस, काय गं झालं? मी म्हटलं, दाढ दुखतेय."

"दुखत नव्हती?"

"मुळीच नाही."

धाकट्यानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"अजून सांग," तो म्हणाला.

ताईंनी मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला, सुई गादीला टोचली, आणि अगदी पहिल्या भागापासून सुरुवात केली.