सवतीचा हात

माझे साडूभाऊ कवळ्या बनवतात. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवतात आणि साडूभाऊ त्यावरून बत्तिशी घडवून परत धाडतात. शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्या जिवावर जेवतात, पण साडूभाऊ त्यांतल्या एकालाही तोंडावरून ओळखत नाहीत. मात्र कोण डाव्या बाजूने चावतो आणि कोण झोपेत दात खातो, ते प्लॅस्टरचा साचा हातात घेतल्याबरोबर सांगतील. एकदा बागेतल्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ सफरचंद खात होते. साडूभाऊ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खालची जरा सैल झालीय, नाही का?" गृहस्थ सफरचंद तिथेच टाकून निघून गेले.

असा माणूस छंदही सरळ कसा निवडेल? साडूभाऊ हौशी रेडिओवाले आहेत. त्यातही बोलायचा माईक त्यांना चालत नाही. मागच्या बंद गॅलरीत एक टेबल, त्यावर रेडिओ आणि पितळी खटका. तो दाबून मोर्सच्या 'कट्ट कडकट्ट' भाषेत जगाशी गप्पा मारायच्या. साऱ्या जगाकडे मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं.

"बोलणं हवेत विरतं हो," ते म्हणाले. "रेडिओच्या खरखरीत बुडून जातं. कट्ट मात्र वर तरंगतो. जिथे माणसाचा आवाज पोचत नाही, तिथे याचा बारीकसा सूर पोचतो."

"आणि पोचून सांगतो काय?"

"आज इथे ऊन आहे."

या उन्हाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे समुद्रापलीकडच्या देशातला एक सुतार. इकडे दिवेलागणीची वेळ झाली की तिकडे त्याची न्याहारी उरकलेली असायची आणि दोघांची खटखट सुरू व्हायची. त्याचे टोमॅटो, यांचे गुडघे, त्याचा पाऊस, यांचा उकाडा. इतकी वर्षं हे चाललं, पण एकमेकांचा आवाज कधी ऐकला नाही, फोटो मागितला नाही. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, त्या सुताराला 'सवत' म्हणत. "जेवायला वाढू, की सवत आलीय?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

सवतीच्या हातात एक खोड होती. प्रत्येक शब्दाचा शेवटचा 'डा', म्हणजे मोर्समधला लांब सूर, जरा रेंगाळायचा, पायरी उतरताना लंगडा माणूस क्षणभर थांबतो तसा. साडूभाऊंना तो ऐकला की नावगाव विचारावं लागत नसे.

आणि एका संध्याकाळी सुताराची हाक आली, ती इस्त्री केल्यासारखी. एक डा लांब नाही, एक डिट, म्हणजे छोटा सूर, आखूड नाही.

साडूभाऊ गॅलरीतून बाहेर आले. "हा तो नाही," ते म्हणाले.

"मग कोण आहे?" ताईंनी विचारलं.

"तेच कळत नाही. म्हणतो, मीच आहे. टोमॅटोचं विचारलं, बरोबर सांगितलं. माझ्या कुठल्या गुडघ्याला बेल्ट लावलाय तेही सांगितलं."

"मग तोच की."

"अगं, उत्तरं काय, कोणीही देईल. हात कसा देईल?"

मी त्या संध्याकाळी तिथेच होतो. म्हटलं, माणूस सुधारला असेल. साडूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू सत्तरीच्या माणसाला नवे दात फुटल्याचं मी सांगितलंय. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. सुतार गेला, आणि त्याच्या खुर्चीत बसून कोणीतरी त्याच्या नावाने आपल्याशी बोलतंय. कोण? आणि कशाला? उन्हाच्या बातम्या चोरून कोणाचं भलं होणार?

चार-सहा दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. कामात घोटाळे सुरू झाले. एका पेशंटची वरची कवळी दुसऱ्याच्या खालच्या कवळीबरोबर गेली. दंतवैद्याचा फोन आला, "तुमचा माणूस हसला तरी चिडल्यासारखा दिसतोय हो." शेवटी ताईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही काहीही करा," त्या म्हणाल्या, "पण माझी सवत जिवंत आहे की नाही, एवढं मला सांगा."

काम सोपं होतं. हौशी रेडिओवाल्यांची नावं इंटरनेटवर असतात. सुताराचा फोन नंबर मिळाला आणि मी तो लावून स्पीकर चालू केला. पलीकडून एक घोगरा म्हातारा आवाज आला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी साडूभाऊंची ओळख करून दिली. म्हातारा खूश झाला. "अरे, तू आहेस होय? तुझा गुडघा कसा आहे?"

मी विजयी मुद्रेने साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांचा गोंधळ उलट वाढला होता.

"हा आवाज कोणाचा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"सुताराचा."

"कशावरून? मी कधी ऐकलाय?"

"साडूभाऊ, तो स्वतः सांगतोय."

"दुसरा कोणी असता तरी हेच सांगणार ना?"

आता मलाही शंका यायला लागली. पलीकडचा म्हातारा "हॅलो, हॅलो" करत होता, अलीकडे आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो. अखेर साडूभाऊंनी फोन ओढून घेतला आणि विचारलं, "तुझा जुना खटका आहे का अजून?"

"आहे. पडलाय कोपऱ्यात."

"रेडिओला जोड तो. फोन जवळ धर. काहीही पाठव."

बराच वेळ सरकासरकीचे आवाज आले. मग सूर आला. थरथरणारा, अडखळणारा, एका डाचे तीन तुकडे करणारा. मला तर दारात कोंबडी अडकल्यासारखं वाटलं. पण शब्द संपला आणि शेवटचा डा रेंगाळला.

साडूभाऊ खाली बसले. "हाच," ते म्हणाले.

मग कळलं ते असं. सुताराचे हात गेलं वर्षभर कापत होते आणि अलीकडे ते फारच वाढलं होतं. सुतारकाम सुटलं होतं. खटक्यावरचं आपलं बोलणं ऐकून त्यालाच लाज वाटायला लागली, म्हणून त्याने संगणकाला जोडलेला कीबोर्ड घेतला. टाइप करायचं, मशीन सुबक कट्ट कडकट्ट करणार. "तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला.

"मी तुझं तेरावं घालायच्या बेतात होतो," हे इंग्रजीत कसं सांगायचं ते साडूभाऊंना सुचेना. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून हाताने पाठव."

"तुला कळणार नाही."

"नाही कळलं तर परत विचारीन."

दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम गेलो. ताई स्टूल घेऊन गॅलरीच्या दारात बसल्या होत्या. साडूभाऊ कानाला हेडफोन लावून कागदावर अक्षरं लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मांजराचं काहीतरी आहे. एक तर हरवलंय, नाही तर व्यालंय."

"मग तुम्ही काय कळवलंत?" ताई म्हणाल्या. "वाईट वाटलं, की अभिनंदन?"

"पुन्हा सांग म्हणालो."

पुन्हा थरथरता सूर आला. साडूभाऊंनी सगळा लिहून घेतला, कागद दिव्याजवळ धरला, उलटा करून पाहिला.

"आता मांजर नाहीच," ते म्हणाले. "आता छपराचं काहीतरी आहे." आणि खुर्ची पुढे ओढून, मोठ्या खुशीत, त्यांनी सुताराला तिसऱ्यांदा विचारायला घेतलं.