जेवणानंतरचा गुळाचा खडा

बाबांना जेवण गोडाने संपवायची सवय. पक्वान्न नको, पण ताकभातानंतर गुळाचा खडा नाहीतर अर्धा पेढा हवाच. "त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही गं," म्हणायचे. डायबिटीस निघाला, इन्सुलिन सुरू झालं, तरी सवय जाईना. आई गेल्यावर मी त्यांना शहाडहून कल्याणला माझ्याकडे आणलं आणि गूळ-साखर कपाटात कुलूपबंद केली. मी आहेच तशी. एकदा नाही म्हटलं की नाही. रोज दुपारी ते मागायचे, रोज मी नाही म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात जिंकल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी गवारीची भाजी होती. इन्सुलिन मी वेळेवर टोचलेलं, पण बाबांनी अर्धी पोळी खाऊन ताट सरकवलं. ताकभातही नको म्हणाले. मी धुसफुसत ताट उचललं आणि भांड्यांना लागले. थोड्या वेळाने हॉलमधून हाक आली.

"अगं, गोड दे ना काहीतरी."

"झालं का सुरू? जेवायला नको, गोड तेवढं हवं!"

"दे गं. कसंतरीच होतंय."

असली नाटकं मला पाठ होती. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. भांडी आटोपून बाहेर आले, तर बाबा खुर्चीत घामाने निथळत होते आणि मला आई समजून काहीतरी बरळत होते. साखर उतरली होती. मी कपाटाकडे धावले. कपाटाची किल्ली काही केल्या सापडेना. मी शेजारच्या काकूंचं दार बडवलं. त्यांनी साखरेचं पाणी आणलं आणि चमच्या-चमच्याने पाजलं. बाबा जरा भानावर आल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "अगं, मागत होते ना ते? आमच्याकडे ऐकू आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता कुलूप नाही. डॉक्टरांना विचारून एवढासा खडा मी रोज ताटात वाढते. बाबा तो मुकाट्याने खातात. परवा मी मुद्दामच वाढला नाही, म्हटलं मागू देत, भांडू देत. ते रिकाम्या ताटाकडे पाहत थोडा वेळ बसले, मग उठून गेले. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात नळसुद्धा बारीक सोडते. पुन्हा साखर उतरली, तर बाबा मला हाक मारतील, असं आता मला वाटत नाही.