ट्यूब लवकर संपत होती
"एकट्या पोरीला एवढी लागते होय, मावशी?"

मेडिकलवाला हसत म्हणाला. मी दुकानाच्या पायरीखाली स्कूटीपाशी उभी होते. मी आत आले नाही म्हणजे मला ऐकू येणार नाही, असं त्याला आणि आईला दोघांनाही वाटलं असावं. आईनं निळ्या टोपणाची ट्यूब मागितली होती. तिचं नाव आईला माहीत नव्हतं, टोपणाचा रंग सांगितला की मिळायची. पंधरा दिवसांपूर्वीही आम्ही इथूनच एक नेली होती.

"मोठं हाय रं तिचं," आई म्हणाली. "कमरंला सगळं पसरलंय. दे लवकर."

दुकानात आणखी दोन माणसं होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. तरी मी हेल्मेट घालून टाकलं.

घरी परतताना आधी नुसता राग आला. माझ्या कमरेबद्दल भर दुकानात बोलायची काय गरज होती? गावाकडच्या, कोंडाण्याच्या रस्त्याला लागल्यावर मात्र दुसरीच गोष्ट डोक्यात आली. मी ती ट्यूब वाटाण्याएवढी घेत होते, दिवसातून एकदा. पंधरा दिवसांत ती माझ्याच्यानं संपणं शक्य नव्हतं. आणि घरात आम्ही दोघीच. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते.

माझं दुखणं मागच्या पावसाळ्यात सुरू झालं. खालापूरला एका मसाल्याच्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर अंगात जाड कोट, आत सलवारची नाडी घट्ट. कमरेवर नाडीच्या रेषेत एक लाल गोल उठला. कडा उंचावलेली, मधली कातडी जवळजवळ नेहमीसारखी. खाज इतकी की कोटाच्या खिशात हात घालून कापडावरूनच खाजवायचे आणि कुणी बघतंय का ते पाहायचे.

आईला दाखवलं. दाखवताना मी भिंतीकडे तोंड केलं होतं. "नायटा हाय," ती म्हणाली आणि पत्र्याच्या ट्रंकेमागून एक ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्यात डाग पुसट झाला. मी लावायचं थांबवलं. दहाबारा दिवसांनी तो परत आला, आधीपेक्षा मोठा, कडा विस्कटलेली. असं चारपाच वेळा झालं. शेवटी तो गोल राहिलाच नाही. तपकिरी, खरबरीत असा एक पट्टा झाला. मोबाईलवर शोधलं तर शंभर फोटो निघाले आणि त्यातला प्रत्येक मला माझाच वाटला. मी साबण बदलला. आईनं वांगं आणि सुकट बंद केली, दोघींचीही.

ती पहिली ट्यूब घरात आधीपासून होती, आणि अर्धी वापरलेली, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

दुकानातलं ते वाक्य ऐकल्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. मला विचारण्यापेक्षा बघणं सोपं जातं. सकाळी लावून झालं की मी ट्यूबची शेपटी दोन वेढे गुंडाळून ठेवायचे. संध्याकाळी तीन वेढे असायचे. आई दाराच्या चौकटीला पाठ लावून शेजारणीशी बोलायची आणि बोलता बोलता हळूच सरकायची, वर, खाली. साडीची गाठ तिनं नेहमीपेक्षा बोटभर वर नेली होती.

एकदा भांडी घासताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला पण खाजतं का गं?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

 तिच्या हातातला टोप घासून झाला होता, तरी ती घासत राहिली.

"आमच्या वर्गात एका पोरीला खरूज झालती," ती एकदम म्हणाली. "बाई सगल्यांदेखत म्हनल्या, वाडीवरच्या पोरींना मागं बसवा. ती पोर वाडीवरची नव्हतीच. गावातली होती. पन मागं आमी बसलो. वर्षभर."

आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला आहे. आईच्या माहेरचीही तशीच होती. आईच्या स्वच्छतेकडे मी तोपर्यंत एक सवय म्हणून बघत होते. ती दोन वेळा अंघोळ करते. कपडे भिजवायच्या बादलीत जंतुनाशकाचं दीड झाकण ओतते, बाटलीवर एकच लिहिलेलं असलं तरी. पौर्णिमेला विहारात जायची पांढरी साडी ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवते आणि तरीही नेसायच्या आदल्या दिवशी पुन्हा धुते. कालचा परकर आज अंगाला लावायचा नाही, हा तिचा नियम. पाऊस असो नसो. आमच्याकडे पावसात काही वाळत नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या वर दोरी बांधलेली असते, तिच्यावर कपडे दोन दोन दिवस दमट लोंबत राहतात. त्यातलाच एक ओढून ती सकाळी नेसायची. धुतलेला आहे ना, मग झालं.

हे सगळं मला दिसत होतं. 

मग माझ्या मनगटावर एक नवा गोल उठला. आमच्याकडे लॅबमध्ये जाण्याआधी दारात एक बाई रोज सगळ्यांचे हात तपासतात. त्यांनी माझा हात धरला, बाही दोन इंच वर केली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "डॉक्टरची चिठ्ठी आण. मग ये."

कर्जतला एका जिन्यावरच्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर बसतात. मी एकटी जाणार होते. आई म्हणाली, "एकटी जाऊन काय सांगनार तू? तोंड उघडत नाय तुजं." आली ती बरोबर.

डॉक्टरांनी माझी कंबर पाहिली, मग निळ्या टोपणाची ट्यूब हातात घेतली, उलटी करून वाचली आणि मान हलवली. मग बोथट पात्यानं माझ्या मनगटावरचा कोंडा काचपट्टीवर खरवडला, वर थेंब टाकला आणि थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी लॅबमध्ये असते हे कळल्यावर म्हणाल्या, "या, बघा."

मी डोळा लावला. फांद्या फुटलेले बारीक धागे. मी ते रोज बघते. मिरचीपुडीच्या नमुन्यात असले धागे दिसले की अख्खा लॉट बाजूला काढायची चिठ्ठी मीच लिहिते. पोत्यांना ओल लागली होती का, हा माझा पहिला प्रश्न असतो. घरात दोरीवरच्या कपड्यांबद्दल तो मला कधी पडला नव्हता.

"ही बुरशी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्यानं खाज दबते, तुम्हाला वाटतं बरं झालं. आत ती वाढत राहते. म्हणून तर कमरेवरचा गोल मोडला. नुसतं बघून मलाही खात्री झाली नसती." मग त्यांनी सावकाश सांगितलं. गोळ्या रोज, न चुकता. नवीन मलम डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग गेला तरी त्या सांगेपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल वेगळा. कपडे पूर्ण वाळलेले, ऊन नसेल तर इस्त्री फिरवून. "रोज धुवून दमट घालण्यापेक्षा कालचा कोरडा बरा," त्या म्हणाल्या.

आईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"नाय," आई लगेच म्हणाली. "आमी दोघीच घरात. मला काय नाय."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इंग्रजीत बोलायला लागल्या. दुसऱ्या कुणाला असेल आणि उपचार झाला नाही, तर तुला हे पुन्हा पुन्हा होत राहील, मी कितीही औषध दिलं तरी. मला खरं सांग, असं त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.

आई आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं मला इंग्रजी शाळेत घातलं ते कुणी मागं बसवू नये म्हणून. मला कुणी मागं बसवलं नाही. मी आपणहून गप्प राहायला शिकले. आता उत्तर देणं फार सोपं होतं. इंग्रजीत तीन शब्द. आईला कळणार नाही, डॉक्टर गोळ्यांची दोन पाकिटं लिहून देतील, आणि आम्ही दोघी काहीच झालं नाही असं दाखवत जिना उतरू.

मी तोंड उघडलं आणि थांबले. ती समोर बसलेली असताना, ती तिथं नसल्यासारखं तिच्याबद्दल बोलायचं. तिच्या वर्गात हेच झालं होतं.

मी डॉक्टरांकडून नजर काढली आणि खुर्ची आईकडे वळवली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला.

"आई, तुझ्या कमरेचं पण दाखव," मी म्हटलं. "माझ्याआधीपासून आहे ते, मला माहीत आहे. आपण घाण नाही गं. आपले कपडे वाळत नाहीत."